प्राणवायूची मात्रा आणि नवजात जीव

ज्या वस्तूवांचून आपणांस कांहीं मिनिटेंही काढवत नाहींत, तीच वस्तु प्रमाणाबाहेर मिळाली असतां घातक होते, हें विधान प्रथमदर्शनीं विपरीत वाटण्याचा संभव आहे. मीठ, ऊन किंवा पाणी यांविषयीं कोणीं असें म्हटलें, तर आपण लागलीच मान डोलावूं. परंतु ज्या वायूस आपल्या भाषेनें 'प्राण' हेंच नांव दिलें आहे, त्याविषयीं असें बोलणें म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. तथापि शास्त्राचा अनुभव तसाच आहे. त्यांतून जे जीव नुकतेच जन्मास आले, आणि विशेषतः जे आपले दिवस पुरे होण्यापूर्वींच ह्या जगांत येऊन पडले, त्यांच्या बाबतींत प्राणवायूच्या मात्रेचा प्रश्न फारच नाजूक आहे. ह्या वायूच्या अतिरेकापासून नवजात पिलांचें औषधद्रव्यांनीं रक्षण करितां येतें काय, ह्याचा शोध शास्त्रज्ञ कित्येक दशकें करीत आले आहेत. त्या शोधाची हकीकत व तींतून निघणारा बोध ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वेतिहास

इ. स. १७७४ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस इंग्लंडांतील जोसेफ प्रीस्टली नामक धर्मोपदेशकानें एका मोठ्या भिंगानें सूर्याचे किरण एकवटून पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडिले, आणि त्यांतून निघालेला वायु सांठवून ठेविला. त्या वायूंत मेणबत्ती विलक्षण तेजानें जळाली, आणि त्यांत कोंडलेला उंदीर तितक्याच साध्या हवेंतील उंदराहून अधिक वेळ जगला. स्वीडनमधील शेले यांनाही हा वायु स्वतंत्रपणें सांपडला होता; पुढें फ्रान्समधील लाव्ह्वाझ्ये यांनीं त्याचें खरें स्वरूप ओळखून त्यास ऑक्सिजन हें नांव दिलें. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें प्रीस्टली यांची एक शंका फार महत्त्वाची आहे. मेणबत्ती ह्या वायूंत जशी लवकर जळून संपते, तसें आपलें आयुष्यही त्यांत लवकर संपणार नाहीं ना, असें त्यांच्या मनांत आलें. हा केवळ तर्क होता. पण तो व्यर्थ नव्हता.

सुमारें शंभर वर्षांनंतर, इ. स. १८७८ मध्यें, फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनीं दाखविलें कीं, दाबाखालील प्राणवायूंत ठेविलेल्या प्राण्यांस झटके येतात व ते मरतात. पुढें १८९९ सालीं लॉरेन स्मिथ यांस असें आढळलें कीं, दाब तितका मोठा नसला तरी तो वायु दीर्घ काळ घेतल्यास फुफ्फुसांस सूज येते. ह्याप्रमाणें प्राणवायूचा घातक गुण सिद्ध झाला. तो घात कसा होतो, हें मात्र समजावयास आणखी अर्धें शतक लागलें.

घात कसा होतो?

विळ्याला गंज चढतो, तेल शिळें होऊन खवट लागतें, आणि चिरलेलें वांगें उघडें राहिलें कीं काळें पडतें. ह्या तिन्ही गोष्टींत हात प्राणवायूचाच असतो. म्हणूनच सुगरण वांग्याच्या फोडी चिरल्याबरोबर पाण्यांत टाकिते व तेलाची बरणी झांकून ठेविते. आतां, आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध पदार्थाचें एक अतिशय पातळ आवरण असतें. तें आवरणही तेलासारखेंच खवटूं शकतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पेशींनीं वापरलेला बहुतेक प्राणवायु अन्नाच्या मंद ज्वलनांत कामीं येऊन त्याचें शेवटीं पाणी बनतें. परंतु त्याचा अगदीं थोडा अंश वाटेंतच अर्धवट स्थितींत निसटतो. अशा कणांस मुक्त मूलक म्हणतात. त्यांच्यांतील एक इलेक्ट्रॉन जोडीदारावांचून एकटा राहिलेला असल्यामुळें ते शेजारच्या रेणूवर झडप घालून त्याचा इलेक्ट्रॉन हिरावूं पाहतात. मग तो लुटला गेलेला रेणु पुढच्यास लुटतो, आणि अशी ही नासाडीची सांखळी वाढत जाते. प्राणवायूचें विष आणि क्ष-किरणांची इजा ह्या दोहोंच्या मुळाशीं हेच कण आहेत, असें रिबेका गर्शमन, डॅनियल गिल्बर्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ सालीं प्रतिपादिलें. श्वासाची हवा जितकी अधिक प्राणवायुयुक्त, तितके हे चोर अधिक.

मग साध्या हवेंत तरी आपण सुखरूप कसे राहतों? कारण शरीरांत पहारा आहे. इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत मकॉर्ड व फ्रिडोविच यांनीं गुरांच्या रक्तांतील एका प्रथिनाचें खरें कार्य ओळखिलें. हेंच सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज नांवाचें एन्झाइम. सुपरऑक्साइड नांवाच्या मुक्त मूलकाचें रूपांतर तें साधा प्राणवायु व हायड्रोजन पेरॉक्साइड यांमध्यें करितें. परंतु हायड्रोजन पेरॉक्साइडही निरुपद्रवी नव्हे. म्हणून दुसऱ्या पहाऱ्यावर कॅटॅलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हीं एन्झाइमें उभीं असतात. तीं त्याचें पाणी करून टाकितात. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओततांच जो फेस येतो, तो ह्या कॅटॅलेजचाच प्रताप होय. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर त्याचे दोन थेंब टाकून हा प्रयोग विद्यार्थ्यांस वर्गांतही पाहतां येईल. ह्यांशिवाय पेशींच्या स्निग्ध आवरणांत ई जीवनसत्त्व व शरीरांतील पाण्याच्या अंशांत क जीवनसत्त्व हींही त्याच कामीं झिजत असतात. ह्या सर्वांस शास्त्रांत 'अँटिऑक्सिडंट' अशी संज्ञा आहे. आपण सोयीसाठीं त्यांस 'रक्षक द्रव्यें' म्हणूं.

येथें एक बारकावा सांगितला पाहिजे. पहिला पहारेकरी जोरांत काम करूं लागला आणि दुसरा झोपीं गेला, तर हायड्रोजन पेरॉक्साइड सांठत जाऊन एका संकटाच्या जागीं दुसरें उभें राहील. रक्षण हें एका शूराचें काम नसून सबंध पथकाचें आहे. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट उपयोगी पडेल.

पिलांची अनपेक्षित शक्ति

गर्भ आईच्या उदरांत असतो तेव्हां त्याच्या रक्तांतील प्राणवायूचा दाब आपल्या मानानें फारच कमी असतो. जन्म होतांच तो दाब कांहीं मिनिटांत कितीतरी वाढतो. म्हणजे प्रत्येक जीवाचा जन्म ही त्याची प्राणवायूशीं पहिली मोठी झुंजच होय. निसर्गानें ह्या झुंजीची तयारी आधींच करून ठेविली आहे. उंदीर, ससे, हॅम्स्टर व गिनीपिग ह्या चार जातींच्या गर्भांची तपासणी करितां ली फ्रँक व आयलीन सोसेंको यांस १९८७ च्या सुमारास असें आढळलें कीं, फुफ्फुसांतील रक्षक एन्झाइमें गर्भकाळाच्या अगदीं शेवटच्या दहा-पंधरा टक्के अवधींत झपाट्यानें वाढतात. सैन्य जमतें तें लढाईच्या आदल्या दिवशीं!

त्यापूर्वीं, १९७८ सालीं, फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली होती. शेंकडा ९५ हून अधिक प्राणवायु असलेल्या हवेंत प्रौढ उंदीर ठेविले, तर ते सुमारें तीन दिवसांत मरतात. परंतु त्याच हवेंत उंदरांचीं नवजात पिलें बहुतेक सर्व सात दिवस जगलीं. कोणासही वाटेल कीं, कोंवळा जीव आधीं दगावेल. येथें प्रकार उलटा दिसला. शोधाअंतीं कळलें कीं, पिलांच्या फुफ्फुसांत रक्षक एन्झाइमें लवकरच वाढूं लागतात. प्रौढांस ती चपळाई साधत नाहीं. सशांचीं पिलेंही अशींच काटक निघालीं. उलट गिनीपिगचें पिलूं जन्मतःच उघड्या डोळ्यांचें, अंगावर केस असलेलें व धांवतें असूनही त्यास ही वाढ करितां आली नाहीं, आणि तें टिकलें नाहीं. ह्यावरून बाहेरून दिसणारी प्रौढता व आंतील तयारी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें उघड होतें. पुढें एका औषधानें सुपरऑक्साइड डिस्म्यूटेजचें कार्य दाबून धरिलें असतां उंदरांचीं तींच काटक पिलें प्राणवायूस बळी पडूं लागलीं. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारण असतेच असें नाहीं. परंतु एक काढून घेतल्याबरोबर दुसरीही जाते असें दिसलें, कीं कार्यकारणाचा पुरावा बळकट होतो.

तथापि, पिलूं जगलें म्हणजे तें निभावलें असें नव्हे. उंदराच्या पिलाच्या फुफ्फुसांतील सूक्ष्म वायुकोश बहुतांशीं जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बनतात. त्याच दिवसांत तें पिलूं अतिरिक्त प्राणवायूंत राहिलें, तर त्याचे वायुकोश संख्येनें थोडे व आकारानें बेढब मोठे राहतात. जीव वांचतो, पण फुफ्फुसांचें बांधकाम अर्धवट राहतें.

अपुऱ्या दिवसांचे जीव

आतां मूळ दुखण्याकडे वळूं. पहाऱ्याची तयारी जर शेवटच्या दिवसांत होते, तर त्या दिवसांआधींच जन्मलेल्या जीवाचें काय? सशाचा गर्भकाळ सुमारें ३१ दिवसांचा असतो. दिवस भरण्यापूर्वीं बाहेर काढिलेल्या सशाच्या पिलांस प्राणवायूंत ठेविलें असतां त्यांच्या फुफ्फुसांतील रक्षक एन्झाइमें वाढलीं नाहींत, आणि पूर्ण दिवसांच्या पिलांपेक्षां त्यांस अधिक इजा झाली, असें फ्रँक व सोसेंको यांनीं १९९१ सालीं दाखविलें. लढाई दारांत आली, पण सैन्य अद्याप जमलेंच नव्हतें.

मनुष्यजातीस ह्या सत्याची किंमत फार मोठी द्यावी लागली आहे. इ. स. १९४२ मध्यें बोस्टन येथील नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनीं अपुऱ्या दिवसांच्या मुलांत एका नव्या अंधत्वाचें वर्णन केलें. नेत्रभिंगाच्या मागें पांढरट पडदा येऊन हीं मुलें कायमचीं आंधळीं होत. पुढील बारा वर्षांत जगांत सुमारें १०,००० मुलांची दृष्टि अशी गेली. आश्चर्य हें कीं, जेथें उबपेट्या उत्तम, शुश्रूषा दक्ष व प्राणवायु मुबलक, तेथेंच हा रोग अधिक! इ. स. १९५१ मध्यें मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनीं प्राणवायूकडे बोट दाखविलें. लंडनच्या नॉर्मन ॲश्टन यांनीं मांजरीच्या नवजात पिलांवर प्रयोग करून कारण उघड केलें. मांजरीच्या पिलाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ जन्माच्या वेळीं अपुरीच असते. अतिरिक्त प्राणवायूंत त्या कोंवळ्या वाहिन्या आकुंचित होऊन नाहींशा होतात. पुढें पिलूं साध्या हवेंत आणिलें कीं उपाशी दृष्टिपटल अस्ताव्यस्त नव्या वाहिन्या फुटवूं लागतें. अमेरिकेंतील १८ रुग्णालयांनीं १९५३-५४ सालीं एकत्र येऊन अर्भकांवर कसोटी घेतली, तींत प्राणवायूचा दोष निःसंशय ठरला.

मग प्राणवायु तोडला कीं झालें, असें जगास वाटलें. अंधत्व खरोखरच घटलें. परंतु इ. स. १९७३ मध्यें इंग्लंडांतील केनेथ क्रॉस यांनीं हिशेब मांडून दाखविला कीं, ह्या काटकसरीमुळें एका मुलाची दृष्टि वांचविण्यासाठीं सुमारें १६ मुलांचे प्राण गेले असावेत. अधिक द्यावें तर डोळे जातात, कमी द्यावें तर प्राण जातो! शिवाय १९६७ मध्यें नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, यंत्रानें श्वास व बहुत प्राणवायु देऊन जगविलेल्या मुलांच्या फुफ्फुसांत राहणाऱ्या एका दीर्घ आजाराचें वर्णन केलें होतेंच. अशा पेंचांत सांपडल्यामुळेंच शास्त्रज्ञांस प्रश्न पडला: प्राणवायु तर दिलाच पाहिजे, पण त्याबरोबर पहारेकरीही बाहेरून पाठवितां येतील काय?

बाहेरून पाठविलेले पहारेकरी

ही युक्ति दिसते तितकी सोपी नाहीं. एन्झाइम हें मोठें प्रथिन असल्यामुळें तें नुसतें टोंचून घातल्यास रक्तांतून लवकर नाहींसें होतें व पेशीच्या आंत शिरूं शकत नाहीं. चोर घरांत आणि पहारेकरी वेशीवर, असा प्रकार होतो. ह्यावर अशी तोड निघाली कीं, स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोमांत, एन्झाइम भरावें. पेशीचें आवरणही स्निग्धच असल्यामुळें ह्या पिशव्यांस आंत प्रवेश मिळतो. टॅन्सवेल व फ्रीमन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलें कीं, अशा पिशव्यांतून रक्षक एन्झाइमें दिल्यानें उंदरांचीं नवजात पिलें प्राणवायूच्या मारक परिणामापासून वांचलीं. डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ मध्यें डुकरांच्या नवजात पिलांस यंत्रानें दोन दिवस शुद्ध प्राणवायु दिला, व कांहींच्या श्वासनलिकेंत मानवी सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज सोडलें. त्यांच्या फुफ्फुसांची सूज व इजा कमी भरली. इ. स. २००३ मध्यें, जन्मतःच हें एन्झाइम अधिक बनेल अशी योजना केलेल्या छोट्या उंदरांच्या पिलांत वायुकोशांची वाढ प्राणवायूंतही अधिक चांगली राहिली. त्याच सालीं, अपुऱ्या दिवसांच्या बबून माकडांच्या पिलांत तशाच गुणाच्या एका कृत्रिम द्रव्यानें फुफ्फुसांची हानि अंशतः टळल्याचें प्रसिद्ध झालें.

जीवनसत्त्वांचीही परीक्षा झाली. इ. स. १९२२ मध्यें इव्हॅन्स व बिशप यांनीं शोधिलेल्या ई जीवनसत्त्वाचा डोळ्यांच्या ह्या रोगावर उपयोग करण्याचा यत्न ओवेन्स पतिपत्नींनीं १९४९ मध्येंच केला होता. पुढें १९७७ सालीं फेल्प्स व रोझेनबॉम यांस मांजरीच्या पिलांत त्याचा गुण दिसला. पिलांचे निष्कर्ष असे आशादायक होते. आतां प्रश्न मुलांचा.

पिलूं आणि मूल

डेव्हिस यांच्या पुढाकारानें ३०२ अपुऱ्या दिवसांच्या मुलांस सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज किंवा निरुपद्रवी द्राव देऊन तुलना करण्यांत आली, व तिचें फल २००३ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या दीर्घ आजाराकरितां हा खटाटोप होता, तो कांहीं कमी झाला नाहीं. परंतु वर्षभरानंतर पाहतां, दम्याचीं औषधें लागणारीं मुलें उपचार न झालेल्यांत शेंकडा ३७ होतीं, तर उपचार झालेल्यांत शेंकडा २४. आशा पुरी फळली नाहीं. ती अगदींच वांझही ठरली नाहीं.

ई जीवनसत्त्वाची कथा अधिक कठोर आहे. मोठ्या मात्रेनें तें दिलेल्या मुलांत जंतुदोष अधिक आढळला. ह्याचें एक संभाव्य कारण असें कीं, आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस मारण्यासाठीं तेच मुक्त मूलक शस्त्रासारखे वापरतात. म्हणजे ज्यांस आपण केवळ चोर समजलों, ते कांहीं प्रसंगीं घरचे शिपाईही असतात! आणि १९८३-८४ सालीं अमेरिकेंत शिरेंतून टोंचण्याच्या अशा एका नव्या औषधाशीं ३८ अर्भकांच्या मृत्यूंचा संबंध आढळला. ज्या द्रवांत जीवनसत्त्व विरघळविलें होतें, तो द्रवच घातक ठरला असावा, असें मत पुढें पडलें. तें औषध पुरेशा कसोटीवांचून बाजारांत आलें होतें. हेतु चांगला असला म्हणजे औषध चांगलें असतेंच असें नाहीं.

ह्या सर्व काळांत दुसरा एक मार्ग शांतपणें रुळत होता, तो म्हणजे प्राणवायूचेंच माप. जन्मतांच न रडलेल्या मुलास शुद्ध प्राणवायु द्यावा, हा परिपाठ होता. इ. स. १९९३ मध्यें दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. सिद्धार्थ रामजी व नॉर्वेचे डॉ. ओला साउगस्टाड प्रभृतींनीं दाखविलें कीं, अशा मुलांस साध्या हवेनेंही तितक्याच यशानें सावध करितां येतें. पुढील प्रयोगांनीं ह्यास पुष्टि मिळाली, आणि २०१० पासून आंतरराष्ट्रीय शिफारसींत दिवस भरलेल्या मुलांसाठीं प्रारंभ साध्या हवेनें करावा असें आलें. मात्र येथेंही अतिरेक नको. त्याच २०१० सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या कसोटींत, फार लवकर जन्मलेल्या मुलांच्या रक्ताची प्राणवायूनें संपृक्तता शेंकडा ८५ ते ८९ ठेविली असतां डोळ्यांचा रोग कमी झाला, परंतु ९१ ते ९५ ठेविलेल्या मुलांपेक्षां मृत्यु अधिक झाले. अवघ्या पांच-सहा अंशांचा फरक, आणि एका बाजूस दृष्टि तर दुसऱ्या बाजूस प्राण!

उपसंहार

ह्या सर्व हकीकतींतून आम्हांस एकच गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावयाची आहे. रक्षक द्रव्यें हीं खरीं आहेत, व पिलांवरील प्रयोगांनीं त्यांचें सामर्थ्य सिद्ध केलें आहे. परंतु योग्य द्रव्य, योग्य ठिकाणीं, योग्य वेळीं व योग्य मात्रेनें पोंचेल तरच तें रक्षण करितें. जें उंदराच्या पिलास तारितें, तें मुलास तारीलच असें नाहीं. आणि जें तारितें, तेंच प्रमाण चुकल्यास मारितें. म्हणून आज लहानग्यांच्या उशाशीं सर्वांत विश्वासू पहारेकरी कोणता म्हणाल, तर तो कोणत्याही कुपींत नसून, त्या मुलाच्या पायास लावलेल्या मापकयंत्राचे अंक रात्रभर जागून वाचणाऱ्या परिचारिकेचा डोळा हाच होय.

आणखी एक ऋण आपण विसरतां कामा नये. उंदीर, ससे, मांजरें, डुकरें व माकडें यांच्या पिलांनीं हें ज्ञान आपल्या प्राणांनीं विकत घेऊन दिलें आहे. तें ऋण फेडण्याचा मार्ग एकच: त्यांच्यापासून मिळालेलें उत्तर घाईनें फुगवून सांगूं नये, आणि काळजीपूर्वक पारखल्यावांचून तें कोणाच्या मुलावर लादूं नये. तुमच्यापैकीं कोणी पुढें वैद्य होतील, कोणी परिचारिका होतील, कोणी प्रयोगशाळेंत काम करतील. एका चिमुकल्या जीवाच्या नाकाशीं प्राणवायूची नळी धरण्याचा प्रसंग तुम्हांवर येईल, तेव्हां 'थोडा अधिक दिल्यानें काय बिघडणार आहे?' हा प्रश्न मनांत आल्यास टेरी यांनीं वर्णिलेलीं तीं आंधळीं मुलें आठवावीं. आणि 'थोडा कमी दिल्यानें काय बिघडणार आहे?' असें वाटल्यास क्रॉस यांचा तो हिशेब आठवावा. मग मापाकडे पाहावें, आणि जितकें हवें तितकेंच द्यावें.